महालक्ष्मीच्या ताटातली आंबील

भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक घरी महालक्ष्म्या जेवतात. ताटात पुरणपोळी, १६ भाज्या, कढी असते; पण खरा मान ज्वारीच्या साध्या आंबिलीचा. ज्वारी ओलसर करून उखळात कांडायची, कोंडा पाखडायचा, जाडसर दळायची आणि ती भरड आंबट ताकात भिजवायची. मग मीठ, खोबऱ्याचे काप घालून मंद आचेवर ढवळत शिजवायची. हात थांबला की गुठळ्या होतात.

१८५३ मध्ये बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६०च्या दशकात मलकापूर-शेगावमार्गे रेल्वे आली आणि काळ्या जमिनीत कापूस फोफावला. तरी घराचे पोट ज्वारीवरच चाले. खरिपाची ज्वारी भाद्रपदात शेतात उभीच असे, म्हणून आंबिलीसाठी कणगीतली, पेवातली जुनी ज्वारी निघे.

अलीकडच्या दशकांत सोयाबीनने ज्वारीची शेते व्यापली, रेशनचा गहू रोजच्या ताटात आला. परगावी गेलेली भावंडे महालक्ष्मीच्या जेवणाला आवर्जून येतात. आंबिलीपुरती ज्वारी मात्र आता बऱ्याच घरांत बाजारातून आणावी लागते, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे.