शिमेवरचा राखणदार

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना वाटेत आरवली लागते. तिथल्या वेतोबाला लोक नवसाची दोन दानं आणतात, केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला. चपला माणसाच्या मापाच्या नसतात, चांगल्या थोराड असतात. देवळात त्यांचे जोडच्या जोड मांडलेले दिसतात. रात्री वेतोबा त्या पायात घालून गावाची शीव फिरतो आणि म्हणून त्यांचे तळ झिजतात, असं तिथे कोणीही सांगेल. माझी आजी त्याच पट्ट्यातली. लहानपणी मी तिला विचारलं होतं, खरंच झिजतात का? तिने हातातली विळी बाजूला सारली आणि म्हणाली, "अगे बाय, बसान कोणाच्यो व्हाणो झिजतत? रातभर चलता तो."

पूर्वी वेतोबाची मूर्ती फणसाच्या लाकडाची असे. आता ती पंचधातूची आहे, तरी फणसाचं लाकूड आरवलीत कोणी घरकामाला वापरत नाही.

आजीकडच्या गोष्टींत राखणदाराला चेहरा नसायचा. खांद्यावर कांबळं, हातात घुंगूरकाठी, कधी दिवटी. शिरोड्याच्या मिठागरावरून रात्री परतणाऱ्या एका चुलत आजोबांचा कंदील पाणंदीत विझला. काळोख असा की पुढचं पाऊल दिसेना. तेवढ्यात पुढून काठी आपटल्याचा आवाज आला. आजोबा त्या आवाजामागून चालत राहिले. ओहोळ आला, साकव आला, घराचं बेडं आलं आणि आवाज थांबला. ही गोष्ट कोकणात आणि गोव्यात घरोघर आहे, माणूस आणि ओहोळ तेवढा बदलतो. त्यामुळे ती खोटी ठरते असं मला वाटत नाही. इतक्या घरांनी एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपली, याचा अर्थ त्या वाटेवरची भीती सगळ्यांची एकच होती.

ती भीती कशाची, हे आज तारेवरच्या दिव्यांच्या उजेडात समजणं कठीण जातं. कोकणातलं गाव म्हणजे जंगलाच्या पोटात तोडून काढलेली जागा. कोणीतरी पहिल्यांदा तिथे झाडी उतरवली, डोंगरउतारावर कोपरे बांधले, खाडीला बांध घालून खारं पाणी अडवलं. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं तर रान परत येतं आणि बांध फुटला तर खाडी शेतात शिरते. गोठ्यातून वाघ गाय उचलायचा. फुरसं, हिवताप, पटकी, देवी, खाडीतून येणारे लुटारू, हे सगळं शिवेपलीकडून यायचं. वस्ती करणाऱ्यांना राक्षस कल्पावे लागले नाहीत, ते त्यांच्या कुंपणाशी येऊन उभे होते.

मला मात्र सगळ्यात विलक्षण वाटते ती राखणदाराची निवड. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. ज्या जमातीची भीती, तिच्याच धन्याला गावाने राखणीवर ठेवलं. उत्तर कोकणात आणि अकोल्याच्या डोंगरात आदिवासींनी तेच वाघाच्या बाबतीत केलं. वाघोबाचा दगड किंवा लाकडी खांब शिवेवर उभा करतात आणि दिवाळीआधी वाघबारशीला त्याला नैवेद्य देतात. गुरं त्याच्या हवाली, रानही त्याचंच. वाघाला मारणारा वीर तिथे पुजला जात नाही, खुद्द वाघ पुजला जातो. गोव्यात देवचाराला, म्हणजे तिथल्या राखणदाराला, रोट, दारू, विडी ठेवतात. दक्षिण कोकणात घाडी किंवा गुरव गाऱ्हाणं घालतो, तेव्हा गावातल्या एकेका जागेवाल्याला हाक मारून त्याचं कर्तव्य त्याच्या पदरात घालतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणी मला ती प्रार्थना वाटायची. आता ऐकताना मी तिच्यात करार ऐकते. आम्ही तुझं देणं चुकवलं आहे, तू तुझी राखण चुकवू नकोस.

हा करार सगळ्यात उघडा दिसतो तो मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात. तिथे साधारण चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर पडतं आणि तीन दिवस, तीन रात्री माळावर झावळ्यांच्या खोपट्यांत राहतं. धर्म कोणताही असो, घर प्रत्येकाचं बंद होतं. शेजारच्या चिंदरला आणि वायंगणीलाही ही रीत आहे. का जायचं, याची उत्तरं माणसागणिक वेगळी मिळतात. कोणी म्हणतं, वाईट शक्तींचा उपद्रव झाला म्हणून देवाने सांगितलं. कोणी म्हणतं, पूर्वी साथीच्या दिवसांत गाव असंच मोकळं करत. माझे एक मामेसासरे तिकडचे. ते म्हणायचे, "जागो आमचो न्हय गो. तीन दिवस धन्याक सोडूक होयो." मला त्यांचं उत्तर सगळ्यांत खोल वाटतं. ज्याने रान तोडून घर बांधलं त्याच्या मनात हे कुठेतरी राहतं की जागा आधी दुसऱ्या कोणाची तरी होती. तीन रात्री चुलीत विस्तव नाही, देवळात घंटा नाही. माळावर मात्र भजनं, फुगड्या, गजाली रंगतात, पोरांना तर घरी परतायचंच नसतं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो, आणि गाव जणू नव्याने वसायला आल्यासारखं आत शिरतं.

राखणीची एक बाजू सोसायला जड आहे. साथ आली की देशावर मरीआईचा गाडा फिरायचा. पूजा होऊन तो शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे पुढच्या गावात. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. आपला राक्षस आपण शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवत होतो, आणि त्याला राखण म्हणत होतो.

आणि मग राखण करणारी माणसं. माझं आजोळ कृष्णाकाठचं. तिथल्या गोष्टींत वेतोबा नव्हता, येसकर होता. गावाला वेस होती, वेशीत रात्री येसकर बसायचा, आणि त्याच्या हातात घुंगरं बांधलेली काठी असायची. कोकणातल्या आजीच्या राखणदाराची काठी आणि आजोळच्या येसकराची काठी एकच आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. एका ठिकाणी ती देवाच्या हाती दिली, दुसरीकडे महारवाड्यातल्या माणसाच्या. हेच काम कुठे तराळाकडे होतं. शंकरराव खरातांच्या आत्मकथेच्या नावातच तो तराळ आहे, ‘तराळ-अंतराळ’, १९८१. रामोशी आणि जागले यांच्याकडेही रात्रीची राखण होती.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाला थेट हात घातला. त्यांची मांडणी अशी. शेती करून स्थिर झालेल्या टोळ्यांवर भटक्या टोळ्यांचे हल्ले होत. लढायांत मोडून पडलेल्या टोळ्यांची विखुरलेली माणसं आसऱ्याच्या शोधात होती. वसलेल्यांना राखणदार हवे होते, मोडलेल्यांना निवारा हवा होता. दोघांत सौदा झाला, आणि राखण करणाऱ्यांना गावाबाहेर, शिवेजवळ जागा मिळाली. पुढे अस्पृश्यता आली ती कशाने, हा त्या ग्रंथातला पुढचा वाद आहे आणि त्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण राखणदार बाहेर ठेवण्याचं चित्र आमच्या आजोळच्या गावात मी डोळ्यांनी पाहिलं. वेस पडून गेली होती, वस्तीची जागा तीच राहिली होती. देवाला आपण दरसाल नव्या चपला वाहिल्या, आणि जो माणूस खरोखर रात्रभर शीव फिरला त्याला सवर्णांच्या आळीतून चपला हातात घेऊन जायला लावलं. याचा मला राग येतो आणि तो ओसरावा असं मला वाटत नाही.

या राखणीचा मोबदला म्हणजे बलुतं, दारोदार मागून आणलेली भाकरी, आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. त्या तुकड्यासाठी पिढ्या बांधल्या गेल्या. ते ओझं ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं.

आजोळच्या आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट प्लेगच्या सालातली. उंदीर पडू लागले तसा गाव रानात गेला, मळ्यांत झोपड्या उभ्या राहिल्या. घरांना कुलपं, कणग्यांत धान्य, देवळात देव. "समदा गाव रानात, आन्‌ गावात ह्यो एकटा," आजोबा सांगायचे. हा म्हणजे येसकर. रोगाच्या गावात तो रोज रात्री काठी वाजवत फिरायचा, म्हणजे मळ्यातल्या माणसांना कळायचं की घरं शाबूत आहेत. एका रात्री घुंगरं वाजली नाहीत. सकाळी दोघं-तिघं वेशीपर्यंत आले, आत कोणी गेलं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा काठी वाजली. ती त्याच्या बायकोने वाजवली होती.

मी आजोबांना दोघांची नावं विचारली. त्यांना आपल्या बैलांची नावं तीन पिढ्या मागची पाठ होती. ही दोन ठाऊक नव्हती. त्या घरातली पुढची पिढी मुंबईला गिरणीत गेली, एवढंच त्यांना सांगता आलं. माझ्याजवळ आता त्या वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता आहे. त्यांच्या आईला जुनी नाती ठाऊक आहेत म्हणतात. वैशाखात त्या गावी यायच्या आहेत, तेव्हा मी जाणार आहे.