पन्नास सह्यांचा सभासद

१८७० साली पुण्याच्या सार्वजनिक सभेचा सभासद व्हायचे, तर नुसती वर्गणी भरून भागत नसे. पन्नास माणसांकडे जावे लागे. 'हा मनुष्य आमच्या वतीने बोलेल' असे मुखत्यारपत्र करून त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि ते सभेकडे दाखल करायचे, मग सभासदत्व. पन्नास हा आकडा किमान होता. पहिल्या वर्षी पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्या मुखत्यारपत्रांवर मिळून सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. भागाकार केला तर माणशी साठाच्या वर पडतात. म्हणजे पन्नास झाल्यावर लोक थांबले नव्हते.

मी पोस्टात नोकरी केली, त्यामुळे आकडा दिसला की भागाकार करायची सवय आहे. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी बरीच वर्षे आहे, आता कार्यवाह आहे. पद मानद, म्हणजे पगार नाही, चहा मिळतो. मला कार्यकारिणीत घेतले ते कोणी निवडून दिले म्हणून नव्हे. कार्यकारिणीवर एक तरी बाई हवी असे ठरले आणि दोन सद्गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. रजिस्टरची पावती फाडता फाडता मी हो म्हटले. मी कोणाच्या वतीने तिथे बसणार, हे त्यांनीही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. म्हणूनच सार्वजनिक सभेचा हा नियम वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला.

सभेचा उगम एका देवस्थानाच्या कारभारात आहे, आणि तो शाळेत कोणी शिकवत नाही. पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. पेशवाई गेली तरी देव राहिले. त्यांची पूजा, नैवेद्य, नोकरमाणसे, बागा, उत्पन्न हे सगळे राहिले आणि ते पाहायला पंच राहिले. अठराशे साठच्या दशकाच्या अखेरीस या कारभाराबद्दल पुण्यात कुरबुर वाढली. पैसा कुठे जातो, हिशेब कोण बघतो, पंचांना विचारायचा अधिकार कोणाला, असे प्रश्न पेठांतून निघू लागले. विचारणाऱ्यांची अडचण अशी, की त्यांना कोणीही उलट विचारू शकत होते, 'तुम्ही कोण?' देव सर्वांचा, पण हिशेब मागणारा एकटा पडतो. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतून कोणी जमाखर्चावर बोट ठेवले की व्यासपीठावरून आधी हेच येते, 'आपण सभासद आहात का? वर्गणी भरली आहे का?'

या प्रश्नावर काढलेला तोडगा म्हणजे ती मुखत्यारपत्रे. तोडगा वकिलाला सुचावा असाच आहे. गणेश वासुदेव जोशी हे साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले, पुण्यात वकिली करणारे. कोर्टात वकील उभा राहतो तो अशिलाच्या वकीलपत्रावर. ते नसेल तर न्यायाधीश त्याचे तोंडही उघडू देत नाहीत. जोश्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी तीच रीत गावकीत आणली. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, आणि पर्वतीच्या पंचांपासून निघालेली गोष्ट थोड्याच दिवसांत सरकारी शेतसाऱ्यापर्यंत जाऊन पोचली. जोश्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. हे नाव इतके चिकटले की पुष्कळांना त्यांचे खरे नाव सांगता येत नाही.

पहिले अध्यक्ष औंधचे पंतप्रतिनिधी. अनेक ठिकाणी या जागी भवानराव पंतप्रतिनिधींचे नाव छापलेले आढळते. भवानरावांचा जन्म १८६८ चा, म्हणजे सभेच्या स्थापनेच्या वेळी त्यांचे वय दीड वर्ष. गादीवर तेव्हा त्यांचे वडील श्रीनिवासराव होते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले आणि तिसऱ्याने पुरावा म्हणून दाखवले. मागील सभेचे इतिवृत्त 'वाचले असे समजून' कायम करणाऱ्या मंडळींना यात नवल वाटणार नाही.

या सभासदांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे, कारण समिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हारतुरे येतात. न्यायमूर्ती रानडे १८७१ साली पुण्यात आले आणि सभेच्या कामाला माहितीची बैठक आली. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली गेली, गावोगाव माहिती गोळा झाली, अहवाल निघाला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, धान्याचे भाव, गुरांचे हाल, गावे सोडून गेलेली कुटुंबे यांची टिपणे पुण्याला पाठवत राहिली आणि सभा ती सरकारपुढे मांडत राहिली. १८७६ साली लवाद कोर्ट निघाले, लोकांनी आपसातले तंटे सरकारी कोर्टाचा खर्च न करता मिटवावेत म्हणून. त्या काळी यातल्या कशालाही सरकारी अनुदान नव्हते. १८७७ च्या दिल्ली दरबारात काका हाताने कातलेल्या सुताच्या साध्या खादीत जाऊन बसले, ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुष्काळातली पत्रे पाठवणारी माणसे. त्यांची नावे कुठल्या चौकाला नाहीत. समितीचे काम खरे तर त्यांचे, कारण अध्यक्षाचे भाषण एक दिवसाचे आणि माहिती महिनोन् महिने जमवावी लागते.

आता नावडती बाजू. सभासद कोण होते? सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर, शिक्षक. सहा हजार सह्या मिळाल्या तरी सह्या मागायला दारी येणारा मनुष्य कोणत्या आळीत जात असे, हा प्रश्न उरतोच. जोतीराव फुल्यांनी तो परखडपणे विचारला. नाव सार्वजनिक, पण शूद्रातिशूद्रांना तिथे जागा कुठे, अशी त्यांची टीका होती. आणि ते नुसती टीका करून बसले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाज निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष फुले आणि खजिनदारही फुलेच. अध्यक्ष आणि खजिनदार एकच, हे आजच्या ऑडिटरने पाहिले असते तर शेरा मारला असता. पण ज्या समाजात लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्याच बोटावर मोजण्याइतकी होती, तिथे पदे वाटायला माणसे आणायची कुठून? पन्नास सह्यांच्या नियमात ही मेख होती. सही करता येणे हीच तेव्हा एक मिळकत होती.

बायकांचे नाव तर मुखत्यारपत्रांच्या आसपासही नाही. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्याच सुमारास स्त्री विचारवती सभा काढली. नवरा एका सभेत आणि बायको दुसऱ्या सभेत, घर एकच. त्या सभेच्या बैठकींत काय बोलले जाई, कोण टिपून घेई, हे कळले असते तर मी सार्वजनिक सभेचे निम्मे अहवाल त्याच्या बदल्यात दिले असते.

सह्यांची ही कल्पना पुढे कायद्यात आली नाही. कायदा आधीच दुसऱ्या वाटेने गेला होता. सभेच्या दहा वर्षे आधी, १८६० साली संस्था नोंदणी अधिनियम झाला. त्याला हवीत किमान सात माणसे. उद्देशपत्रावर सातांनी सह्या केल्या की संस्था झाली. सात माणसे एकमेकांच्या वतीने एकमेकांना निवडू शकतात, आणि निवडतात. एका जिन्यावर तीन बिऱ्हाडे असली तर सात नावे संध्याकाळपर्यंत जमतात. १८६० च्या कायद्याने एक मात्र चांगले केले: दर वर्षी सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांत कारभारी मंडळाची यादी सादर करायला लावली.

मग १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला आणि धर्मादाय आयुक्त हे पद आले. आमच्या भाषेत 'चॅरिटी ऑफिस'. पर्वतीच्या पंचांना १८७० मध्ये जे विचारता येत नव्हते, ते विचारायला कायद्याने एक अधिकारी नेमला. विश्वस्तांची नावे 'पीटीआर' या नोंदवहीत, हिशेबाचे ऑडिट, ट्रस्टची जमीन विकायची तर आधी परवानगी, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. वाचनालयाच्या कार्यवाहाला यातले कलम बावीस पाठ असते, कारण बँकेत सहीचा नमुना बदलायला गेले की पहिला प्रश्न येतो, 'नाव पीटीआरवर चढलंय का?' एखाद्याने हरकत घेतली की रिपोर्ट अडकतो, आणि तोवर स्वर्गवासी झालेले अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच असतात. तरीही या कायद्याने महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा, धर्मशाळा, देवळांच्या जमिनी वाचवल्या असे माझे मत आहे. हिशेब मागणारा आता एकटा पडत नाही. पण त्याच्यामागे आता पन्नास शेजारी नसतात, एक कार्यालय असते. मोठ्या देवस्थानांत तर कारभारीच सरकारने नेमायचे अशी सोय झाली. सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथल्या विश्वस्तांना भक्तांच्या सह्या आणाव्या लागत नाहीत.

आमच्याकडे मी एकदा हा विषय काढून पाहिला. कार्यकारिणीला उभे राहणाऱ्याने पंचवीस वाचकांच्या सह्या आणाव्यात, असा ठराव लिहून दिला. विषयपत्रिकेवर तो आला नाही, 'आयत्या वेळच्या विषयां'त आला. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरली होती, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हा नियम ज्याने शोधला त्याचा पुतळा प्रत्येक वाचनालयात असायला हवा. आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, सह्या मागायला जाईल त्याला लोक आधी वाचनकक्षाच्या पंख्याचं विचारतील."

"विचारू देत की," मी म्हटले.

"आणि मग पंखा आपणच दुरुस्त करायचा?"

ठराव अभ्यासासाठी तीन जणांच्या उपसमितीकडे गेला. तिघांत मी आहे. पंखा मात्र त्याच महिन्यात दुरुस्त झाला.

सार्वजनिक सभेकडे परत येते, कारण समितीच्या माणसाला तिची खरी ओळख पटते ती १८९५ साली. काका १८८० सालीच गेले होते. गोपाळ कृष्ण गोखले १८९० पासून सभेचे चिटणीस होते. वय चोवीस, दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सभेचे अर्ज, पत्रे, त्रैमासिक. ते त्रैमासिक १८७८ पासून निघत होते आणि त्यातले लेख रानड्यांच्या नजरेखालून जात. १८९५ च्या जुलैत वार्षिक निवडणूक झाली आणि व्यवस्थापक मंडळात टिळकपक्षाचे बहुमत आले. इतिहासाची पुस्तके याला जहाल-मवाळांचा संघर्ष म्हणतात. असेलही. पण कोणत्याही संस्थेत बसलेला मनुष्य हे वाचताच ओळखतो: पंचवीस वर्षे ज्यांना संस्था आपली वाटत होती ते त्या दिवशी हात वर करणाऱ्यांच्या संख्येत कमी पडले. टिळकांनी काही बेकायदा केले नव्हते. मंडळ निवडणुकीचे होते आणि ते निवडणूक जिंकले. रानड्यांच्या बाजूची चूक कुठली असलीच तर एवढीच, की काम चांगले चालले आहे म्हणजे मतेही आपली आहेत असे ते धरून चालले. पन्नास पन्नास घरांशी बांधलेला सभासद पंचवीस वर्षांत सैल झाला होता, असे मला फार वाटते, पण सिद्ध करता येत नाही.

पुढे सगळे झपाट्याने झाले. गोखले चिटणीसपदावरून बाहेर पडले. १८९६ साली रानड्यांनी डेक्कन सभा नावाची नवी संस्था काढली आणि गोखले तिच्या कामाला लागले. इकडे जुन्या सभेचे कार्यकर्ते १८९६-९७ च्या दुष्काळात फॅमिन कोडातली, म्हणजे सरकारच्या दुष्काळी नियमावलीतली, कलमे शेतकऱ्यांना समजावत गावोगाव हिंडू लागले: पीक इतके बुडाले तर साऱ्यात सूट मागण्याचा तुमचा हक्क आहे, मागा. सरकारला हे रुचले नाही. १८९७ साली मुंबई सरकारने जाहीर केले, की सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून सार्वजनिक सभेला यापुढे मान्यता नाही. सहा हजार सह्यांवर उभी राहिलेली सभा सरकारदरबारी अनोळखी झाली.

त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. तिशीचे होते. त्यांना पाठवणारी संस्था डेक्कन सभा, वय एक वर्षाच्या आतबाहेर.