रेशनचं पुस्तक आणि भोकाचा पैसा

युद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच विमानं आणि क्षेपणास्त्रं मोजायला सुरुवात होते. दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना मला मात्र नेहमी वेगळाच प्रश्न पडतो. लाखो माणसं शेतातून, कारखान्यातून उचलून सैन्यात घातली, उरलेल्या कारखान्यांना तोफगोळे करायला लावलं, तर मागे राहिलेल्यांनी खायचं काय? आणि या सगळ्याचा खर्च नक्की कुणाच्या खिशातून?

ब्रिटन घ्या. निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून आणणारा देश, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली. मग मांस, चहा, चीज, आणि जून १९४१ पासून कपडेसुद्धा. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन हा मोठ्या दुकानांच्या धंद्यातून आलेला माणूस, त्यामुळे गिऱ्हाईक कशाने चिडतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाव आणि बटाटा मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनवर आणला नाही. अंगमेहनत करणाऱ्याचं पोट भरलंच पाहिजे, हा साधा हिशोब. तो सरकारी पाव करड्या रंगाचा होता, लोक नावं ठेवायचे, पण मिळायचा. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हिरवं पुस्तक, म्हणजे दूध-फळं आधी त्यांना. रेशनचं पुस्तक राजघराण्यालाही होतं. पैसेवाले हॉटेलात जाऊन चापतात अशी ओरड झाली, तेव्हा १९४२ मध्ये हॉटेलातल्या जेवणावर पाच शिलिंगांची मर्यादा घातली. काळाबाजार होताच, तो कुठे नसतो! पण सगळ्यांना एकच नियम आहे एवढा भरवसा टिकला.

माणसांचंही तसंच. कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हा स्वतः लहानपणीच शाळा सुटलेला, गाडीवान म्हणून राबलेला युनियनचा पुढारी. डिसेंबर १९४१ मध्ये २० ते ३० वयाच्या अविवाहित बायकांनाही कायद्याने युद्धकामाला बोलावलं. कोळसा कमी पडायला लागला तेव्हा तर चक्क चिठ्ठ्या काढल्या. भरतीला आलेल्या पोरांपैकी ज्यांच्या नंबराचा शेवटचा आकडा चिठ्ठीत निघेल, ते सैन्याऐवजी खाणीत. बाप कोण आहे, हे चिठ्ठी विचारत नव्हती.

आणि पैसा? प्राप्तिकराचा मूळ दर पौंडाला दहा शिलिंग, म्हणजे निम्मा! अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९४० मध्येच बजावलं होतं की युद्धाचा खर्च कर आणि बचतीतून उघडपणे काढा, नाहीतर महागाई तो गुपचूप काढेल, आणि तो गरिबाच्या ताटातून निघेल.

आता बघा, त्याच साम्राज्यात, त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं.

हिंदुस्थानातून ब्रिटन माल घ्यायचा, सैन्य घ्यायचा. करारानुसार यातला मोठा वाटा ब्रिटनने द्यायचा होता, पण तो पैसा लंडनच्या खात्यात स्टर्लिंगमध्ये जमा व्हायचा. इथल्या पुरवठादाराला आणि शिपायाला रुपये हवेत, म्हणून त्या स्टर्लिंगच्या भरवशावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापायची. १९३९ मध्ये साधारण १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या, १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. माल मात्र वाढला नाही, उलट त्यातला बराचसा फौजेकडे गेला. घरी जुना भोकाचा पैसा असेल तर काढून बघा. तो १९४३ पासूनचा, धातू वाचवायला मधे भोक पाडलेला.

त्याच १९४३ मध्ये बंगाल. ब्रह्मदेश जपानने घेतल्याने तिकडचा तांदूळ बंद. जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या, वर चक्रीवादळ, आणि प्रांतांनी एकमेकांचं धान्य अडवलेलं. कलकत्त्यातल्या युद्ध-कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य पोचत होतं, खेड्यातल्या भूमिहीन मजुराला, कोळ्याला नाही. अमर्त्य सेन यांनी पुढे मांडलं ते हेच, की धान्य अगदीच नव्हतं असं नाही, ते विकत घेण्याची ताकद गेली होती. चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू धरले, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, म्हणून शहर तगलं. आपल्या घराघरात 'रेशन' हा शब्द रुजला तो त्या काळात.

आणि या युद्धासाठी आपण दिलेलं सैन्य? २५ लाख, एकावरही भरतीची सक्ती नाही. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव याच फौजेतले. अशा शिपायांनी गावी पाठवलेल्या मनीऑर्डरीत धान्य किती यायचं, याचं उत्तर त्या ११०० कोटींत आहे.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे १७०० कोटी रुपयांचं देणं लागत होता. ते एकरकमी कधीच मिळालं नाही, हप्त्याहप्त्याने सुटलं. १९४८ च्या करारात त्यातला एक मोठा भाग, ब्रिटिशांनी इथे मागे ठेवलेलं लष्करी सामान विकत घेण्यात आणि त्यांच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पेन्शनच्या तरतुदीत वळता करून टाकला.