विटेशिवायची कुंपणभिंत

कुंपणाची भिंत म्हटली की आपल्याला विटा, चुना, सिमेंट आठवतं. पण पेण आणि रोह्याच्या खाडीकाठची सगळ्यात महत्त्वाची भिंत आहे चिखलाची. एका बाजूला धरमतरची नाहीतर कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये हा खारबांध. तो नसेल तर उधाणाच्या भरतीला खारं पाणी थेट शेतात.

बांधला कोणी? जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, 'शिलोत्री' नावाची पद्धत होती. शिलोत्रीदार बांध घालून खाजण जमीन लागवडीखाली आणायचे आणि त्याच्या दुरुस्तीसाठी कसणाऱ्यांकडून जादा धान्य घ्यायचे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये ही पद्धत नोंदलेली आहे. शेतकरी मिळून बांधाची डागडुजी करायचे, त्याला म्हणायचे 'जोळ'.

आता रचना बघा. बांध तळाला रुंद, वर निमुळता. माती तिथलीच, खाडीची चिकणमाती. लाटा लागतात त्या बाजूला दगड लावायचे. आणि मधेमधे 'उघाडी', म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचंच पाणी ते दार दाबून बंद करतं. मोटर नाही, वीज नाही!

पण या भिंतीला रोज लक्ष लागतं. खेकड्याचं एक बीळ वेळेवर बुजवलं नाही, तर पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडू शकते.

१९४८ मध्ये मुंबई प्रांताने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा आणला. बांधांचं काम सरकारी खात्याकडे गेलं. पैसा आणि यंत्रं आली, पण जोळ मागे पडली. बीळ दिसतं गावाला, दुरुस्ती मंजूर होते कार्यालयात.

मधल्या काळात बांध फुटला तर? मीठ जमिनीत मुरतं, भात येत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहिलं की कांदळवन उगवतं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते हवंही, कारण तेच किनारा राखतं. पण शेतकऱ्याची पंचाईत होते: सातबाऱ्यावर शेत, जागेवर जंगल.

तुमच्या घरी कोणी जोळीला गेलेलं असेल, तर त्यांना आजच विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!