जुन्या ट्रॅक्टरांवरचा माझा शेवटचा लेख

आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त जिथे घसरलो तिथे वाक्यं सरळ केली आहेत.

अमेरिकेत जुन्या ट्रॅक्टरांच्या शौकिनांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी द्वैमासिकात मी 26 वर्षं सदर लिहिलं. दीडशेच्या वर लेख झाले. गेल्या अंकात शेवटचा छापून आला आणि मी थांबलो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "अहो, जुन्या ट्रॅक्टरांवर इतकं लिहिण्यासारखं असतं तरी काय?" आज त्याचं नीट उत्तर देतो. त्या उत्तराचा शेवट महाराष्ट्रात होतो, म्हणून ते मराठीत द्यायचं.

सुरुवात एका फसवणुकीपासून करू.

1910 नंतरच्या काळात अमेरिकेत ट्रॅक्टर कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. काही चांगल्या होत्या. काहींनी नुसती जाहिरात केली, शेअर विकले आणि पसार झाल्या. मिनिआपोलिसमध्ये एक 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' निघाली. हेन्री फोर्डशी तिचा काडीचा संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरला आणि त्याच्या नावाने यंत्र विकायला काढलं. नेब्रास्कातल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने तो ट्रॅक्टर घेतला आणि पस्तावला. मग दुसऱ्या कंपनीचा 'बुल' घेतला, त्यानेही निराशा केली. शेवटी रूमली कंपनीचा ट्रॅक्टर घेतला, तो मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काम करायचा.

आपण असतो तर नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. क्रोझियर नेब्रास्काच्या विधिमंडळात निवडून आला, आणि 1919 मध्ये तिथे कायदा झाला. ट्रॅक्टरच्या मॉडेलची राज्य विद्यापीठाने चाचणी घेतल्याशिवाय ते राज्यात विकायचं नाही, आणि सुटे भाग मिळण्याची सोय कंपनीने राज्यातच ठेवायची. लिंकन शहरात चाचण्या सुरू झाल्या. 1920 च्या वसंत ऋतूत पहिली चाचणी पुरी झाली ती 'वॉटर्लू बॉय' मॉडेल एन या ट्रॅक्टरची. पट्ट्यावर किती अश्वशक्ती, ओढताना किती, तासाला इंधन किती, चाक किती घसरतं, चाचणीत काय दुरुस्त करावं लागलं, सगळं लिहून ठेवलेलं.

आता गंमत बघा. हा कायदा शेतकऱ्याला फसवणुकीपासून वाचवायला केला होता. पण शंभर वर्षांनी माझ्यासारख्याला त्याचा उपयोग झाला तो इतिहास म्हणून. कंपनीच्या पुस्तिकेत यंत्र कसं असायला हवं होतं ते कळतं, चाचणीच्या अहवालात ते कसं होतं ते कळतं. सी. एच. वेंडेल या लेखकाने 1979 मध्ये अमेरिकन ट्रॅक्टरांचा जाडजूड कोश काढला आणि 1985 मध्ये या नेब्रास्का चाचण्यांचं संकलन छापलं. ही दोन पुस्तकं माझ्या टेबलावरून कधी हलली नाहीत.

पण खरं सांगायचं तर या विषयाचा इतिहास मुख्यतः पत्रांमधून लिहिला गेला. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि असंख्य जुनी इंजिनं, ट्रॅक्टर वितळवून टाकले गेले. जे उरलं त्याची किंमत लोकांना मग कळली. 1946 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एल्मर रिट्झमन नावाच्या एका पाद्र्याने वाफेच्या शेतइंजिनांच्या शौकिनांसाठी छोटंसं मासिक सुरू केलं. 1950 मध्ये आयोवातल्या माउंट प्लेझंटला जुन्या मळणीवाल्यांचा मेळा भरला, तो अजून भरतो. 1966 मध्ये पेट्रोल-रॉकेलच्या इंजिनांसाठी वेगळं मासिक निघालं. या मासिकांचा प्राण म्हणजे वाचकांची पत्रं. एखादा फोटो पाठवायचा, "वडिलांच्या गोठ्यामागे हे सापडलं, हे काय आहे?" दोन महिन्यांनी हजार मैलांवरून कुणीतरी उत्तर द्यायचं, "आमच्याकडे हाच होता, त्याचा मॅग्नेटो असा असा होता."

माझं काम या पत्रांची कागदपत्रांशी सांगड घालायचं. 'ट्रॅक्टर' हा शब्दच घ्या. तो हार्ट-पार कंपनीच्या विक्री-व्यवस्थापकाने 1906-07 च्या सुमारास जाहिरातीसाठी काढला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण हा शब्द 1890 सालच्या शिकागोतल्या एका पेटंटात सापडतो. म्हणजे हार्ट-पारने शब्द रुळवला, जन्माला घातला नाही. किंवा रंग घ्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे फार्मॉल म्हटले की लालभडक ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. पण 1936 च्या अखेरीपर्यंत ते राखाडी असायचे. मेळ्यात 1928 चा फार्मॉल चकचकीत लाल दिसला की समजायचं, मालकाने प्रेमाने रंगवलाय, इतिहास मात्र पुसलाय.

ट्रॅक्टरचं वय काढणं हे तर पोलीस तपासासारखं काम. क्रमांकाची पट्टी बघायची. मग बिडाच्या ओतीव भागांवर ओतल्याची तारीख सांकेतिक अक्षरांत असते ती बघायची. पट्टी एका वर्षाची आणि गिअरपेटी दुसऱ्या वर्षाची निघाली, तर दोन मेलेल्यांचा मिळून एक जिवंत केलाय हे नक्की. चार्ल्स सिटीच्या संग्रहालयात हार्ट-पार आणि ऑलिव्हर ट्रॅक्टरांची कारखान्यातली नोंदपत्रं आहेत, इंटरनॅशनल हार्वेस्टरचे कागद मॅडिसनला विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. कागद वाचले ते कुणीतरी वेळेवर उचलून नेले म्हणून.

मग मी थांबलो का? तब्येत बरी आहे, हात चालतो, संपादकही "लिहा" म्हणतात. थांबलो ते पत्रं आटली म्हणून. 1939 मध्ये फार्मॉल एम बाजारात आला तेव्हा जो मुलगा 15 वर्षांचा होता, तो आज असलाच तर शंभरीच्या पुढे आहे. हॅंडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनने उलटा झटका दिला की मनगट गेलं, हे मला अशा म्हाताऱ्यांनी लिहून कळवलं. पेट्रोलवर चालू करून इंजिन तापल्यावर रॉकेलवर वळवायचं, ते नेमकं कधी, हे कानाला कसं कळतं, तेही त्यांनीच. आता पत्रं येतात ती बहुतेक एकाच प्रश्नाची: "याचे किती येतील?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरासाठी मी लागत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ.

भारतात ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर आला तो स्वातंत्र्यानंतर. 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला 1 कोटी डॉलर कर्ज दिलं, ते कांस गवताने माजलेली जमीन मोडायला लागणाऱ्या यंत्रांसाठी. 1959 मध्ये फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. 1963 मध्ये महिंद्र अँड महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-275 बनू लागला. हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचं. म्हणजे मी ज्या फार्मॉलवर इकडे लिहीत होतो, त्याचाच चुलतभाऊ आपल्या काळ्या रानात नांगरट करत होता. 1977 मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आज संख्येने जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर भारतात बनतात.

आणि नेब्रास्कासारखी चाचणी? तीही आपल्याकडे आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनीला 1955 मध्ये सरकारी ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, पुढे तिथेच यंत्रांच्या चाचण्या होऊ लागल्या. आकडे आहेत, अहवाल आहेत. पण ज्याने पहिल्यांदा बैल सोडून स्टिअरिंग धरलं त्याचं म्हणणं कुठे आहे? गावातला पहिला ट्रॅक्टर कुणाचा, कर्ज कुठलं, नंबर लागायला किती दिवस लागले, स्पेअर कुठून आणायचे, भाड्याने नांगरट एकरी काय दराने व्हायची, ट्रॅक्टर आल्यावर औत हाकणाऱ्या गड्याचं काय झालं? हे अहवालात येत नाही.

1965 मध्ये 20 वर्षांचा असलेला बी-275 चा ड्रायव्हर आज ऐंशी ओलांडून गेलाय. अमेरिकेत जी माणसं माझ्या डोळ्यांदेखत संपली, ती महाराष्ट्रात अजून पारावर बसलेली आहेत. आपल्या हातात दहा वर्षं आहेत, फार तर. सदर लिहायला मासिक लागतं. हे करायला खिशातला फोन पुरतो.

तेव्हा एक काम सांगतो. तुमच्या गावात, आजोळी, मामाच्या मळ्यात जुना ट्रॅक्टर असेल, तर भंगारवाला येण्याआधी क्रमांकाच्या पट्टीचा स्पष्ट फोटो काढा. ओतीव भागांवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसून त्यांचाही काढा. जुनी आरसी, कर्जाची पावती, माहितीपुस्तक सापडलं तर प्रत्येक पानाचा फोटो घ्या. मग तो चालवणाऱ्या आजोबांना शेजारी बसवून रेकॉर्डिंग लावा. "कसा होता ट्रॅक्टर?" असं मोघम विचारलं तर "चांगला होता" एवढंच उत्तर मिळेल. थंडीत चालू कसा करायचात, पहिल्यांदा कुठे बंद पडला, कुणी दुरुस्त केला, पहिल्या दिवशी कुठलं रान नांगरलं, असं विचारा. मध्ये बोलू नका. गाव, तालुका आणि तारीख सुरुवातीलाच बोलून ठेवा.

ही रेकॉर्डिंग या पॉडकास्टकडे पाठवा. लेख लिहिणं थांबवलंय, ऐकणं नाही. दर महिन्याला त्यातलं एक ऐकवू, आणि ज्याचं बोलणं आहे त्याच्या परवानगीनेच ऐकवू. पहिलं रेकॉर्डिंग कुठल्या तालुक्यातून येतंय त्याची वाट बघतोय. भेटू पुढच्या भागात.