कावडीत बसलेलं मूल

आज मी तुमच्याशी शांतिनिकेतनातल्या दोन शिल्पांबद्दल बोलणार आहे. दोन्ही रामकिंकर बैज यांची.

पहिलं शिल्प १९३८ सालचं, ‘संथाळ परिवार’. नवरा, बायको, पोर आणि सोबत चालणारा कुत्रा. पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत मूल. अख्खं बिऱ्हाड कामाच्या शोधात निघालं आहे.

त्या काळी आपल्या शहरांत पुतळे कुणाचे असत? राणीचे, गव्हर्नरांचे, संस्थानिकांचे, दानशूर शेटजींचे. संगमरवरी किंवा ब्राँझचे, उंच चौथऱ्यावर. रामकिंकरांनी माणसाच्या उंचीहून मोठा आकार दिला तो नाव-गाव नसलेल्या मजुरांना, आणि चौथरा मात्र ठेंगणा ठेवला. त्यामुळे आपण त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही, त्यांच्या वाटेवर उभे असतो.

साहित्यही साधंच: सिमेंट आणि जांभ्याची खडी. बीरभूमची जमीनच तांबडी, जांभ्याची. ज्या मातीवर हे लोक चालत होते, तिच्यातूनच ते घडले. बांकुड्याच्या न्हावी कुटुंबात जन्मलेल्या रामकिंकरांना कष्टाचं जगणं लांबून बघायची गरज नव्हती. म्हणूनच मला इथे दया दिसत नाही. ओझ्याखालीही ही माणसं ताठ चालतात. सुखदुःख चेहऱ्यावर कोरलेलं नाही, ते चालीत आहे.

दुसरं शिल्प १९५६ सालचं, ‘मिल कॉल’. गिरणीचा भोंगा झाला आहे आणि दोन संथाळ बाया धावत सुटल्या आहेत. ओली साडी वाऱ्यावर वाळवत, पळता पळताच. मागून पोर धावतंय.

ही दोन शिल्पं मी शेजारी ठेवून बघतो, तेव्हा मला त्यांत अठरा वर्षांचा इतिहास दिसतो. पहिल्यात कष्ट आहेत, पण पावलांची गती स्वतःची आहे. दुसऱ्यात ती भोंग्याने ठरवली आहे. साडी वाळायलाही सवड उरलेली नाही. उद्योगीकरणाचे आकडे सरकारी अहवालांत सापडतील. त्याने बाईच्या चालण्याचं काय केलं, हे मात्र मला या शिल्पात कळलं.

शांतिनिकेतनला गेलात तर दोन्ही शिल्पांभोवती फेरी मारा. फक्त समोरून फोटो काढून परतू नका. ती चारही बाजूंनी बघण्यासाठीच उघड्यावर उभी केलेली आहेत.