बिने यांची श्रेणी, कामतांची मानके

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची श्रेणी सिद्ध केली. १९१६ साली लुइस टर्मन यांनी तिची अमेरिकी आवृत्ती तयार केली. परंतु परदेशी मुलांवर बेतलेले प्रश्न मराठी किंवा कन्नड मुलाला विचारले आणि तो अडखळला, तर उणी कोणती मानायची: त्याची बुद्धी की प्रश्नांची भाषा?

व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील कन्नड व मराठी भाषक मुलांवर ही श्रेणी नव्याने पारखली. कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हे येथील मुलांच्या उत्तरांवरून ठरले. त्यांचे संशोधन १९३४ साली, तर ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला.

मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणले की बुद्ध्यांक मिळतो. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सात असेल, तर तो ७०. हा आकडा मुलाचा गुणधर्म भासतो. वस्तुतः ती समवयस्कांशी केलेली तुलना असते. ते समवयस्क कोणत्या काळातले, यावर तिचा अर्थ अवलंबून.

पिढीगणिक चाचण्यांतील गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकी आकडेवारीतून दाखवले. म्हणजे जुन्या मानकांवर आजचे मूल प्रत्यक्षाहून सरस ठरू शकते आणि बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रास, पर्यायाने साहाय्यास, मुकू शकते. कामतांची चाचणी भारतात दीर्घकाळ वापरात राहिली. मानके वेळोवेळी नव्याने पारखणे, हाच त्यांच्या कार्याचा खरा वारसा होय.